डिस्क शाबूत, ऑर्डरी गायब : 'रेड' नेमके कशापासून वाचवते?

रमजान ईदला जेमतेम सतरा दिवस उरले होते. आमच्या परिचयाचे एक कारागीर शेरवानी-कुर्ते शिवतात. सोमवारी सकाळी ते दुकान उघडून संगणकासमोर बसले, तर वेबसाइटवरील ऑर्डरींचे पान कोरे! गिऱ्हाइकाचे नाव, मापे, घेतलेला ॲडव्हान्स, कपडा देण्याची तारीख, काहीही जागेवर नव्हते. झाले होते असे की, शनिवारी रात्री त्यांच्याकडील मुलाने गेल्या वर्षीच्या जुन्या ऑर्डरी साफ करताना चालू वर्षाच्याही साफ करून टाकल्या. रविवारी सगळेच मशीनवर बसलेले, त्यामुळे वेबसाइट उघडून पाहायला कोणाला सवड मिळाली नाही.

होस्टिंग कंपनीला फोन लावला तेव्हा आम्ही शेजारीच होतो. पलीकडून उत्तर आले, "सर, आमच्या सगळ्या डिस्क चालू आहेत. रेडमध्ये काहीच प्रॉब्लेम नाही." कारागीर बंधूंनी बिल काढून दाखविले. त्यावर स्पष्ट छापले होते, 'रेड-10 सुरक्षा'. त्यांची समजूत अशी की, सुरक्षेचे पैसे भरले म्हणजे माहिती कोठेतरी जपून ठेवलेली असणारच. कंपनीचा माणूस खोटे बोलत नव्हता आणि बिलही खोटे नव्हते. तरीही ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. हे कसे घडते ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना समजावे म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

व्यापाऱ्यासमोर 'रेड' हा शब्द उच्चारला की त्याला आयकर खात्याची धाडच आठवते. या रेडचा तिच्याशी काही संबंध नाही. अनेक डिस्क एकत्र बांधून, त्यांपैकी एखादी बिघडली तरी काम न थांबू देण्याच्या व्यवस्थेला संगणकाच्या धंद्यात रेड म्हणतात.

प्रथम वेबसाइट राहते कोठे ते पाहू. वेबसाइट हवेत नसते. ती कोणत्या तरी शहरातील एका मोठ्या इमारतीत, कपाटासारख्या लोखंडी मांडणीत बसविलेल्या एका संगणकावर असते. त्याला सर्व्हर म्हणतात आणि त्याच्यातील जागा भाड्याने देण्याचा धंदा म्हणजे होस्टिंग. आपली चित्रे, दरपत्रक, गिऱ्हाइकांची यादी हे सर्व त्या सर्व्हरमधील डिस्कवर लिहिलेले असते. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क हे शेवटी एक यंत्रच आहे. तिच्यातील तबकड्या मिनिटाला 7,200 फेरे घेतात आणि वाचणारी सुई तबकडीला न टेकता केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असते. रात्रंदिवस असे फिरणारे यंत्र कधीतरी थकणारच. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो, परंतु तिचेही आयुष्य मोजकेच असते आणि ती जाताना पुष्कळदा पूर्वसूचनाही देत नाही.

डिस्क किती लवकर बिघडतात याविषयी कारखानदार एक सांगतात आणि अनुभव दुसरेच सांगतो. डिस्कच्या माहितीपत्रकात सरासरी आयुष्य दहा लाख तास असे छापलेले असते. दहा लाख तास म्हणजे 114 वर्षे! अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी प्रत्यक्ष वापरातील सुमारे एक लाख डिस्कची नोंद तपासून 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे वर्षाला शेकडा एकही डिस्क बदलावी लागू नये. प्रत्यक्षात शेकडा 2 ते 4 हे प्रमाण सर्रास आढळले आणि काही ठिकाणी ते 13 पर्यंत गेले. आता हिशेब आपणच करावा. ज्या होस्टिंगवाल्याकडे एक हजार डिस्क आहेत, त्याच्याकडे शेकडा 3 प्रमाणे वर्षाला 30 डिस्क, म्हणजे साधारण दर बारा दिवसांनी एक डिस्क मरते. प्रत्येक वेळी कोणाची तरी वेबसाइट बंद पडू लागली तर त्याचा धंदा चालणार नाही.

रेडची कल्पना याच अडचणीतून निघाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, वर उल्लेख केलेले गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी 1988 मध्ये एक निबंध सादर केला. त्या काळी मोठ्या कचेऱ्यांत आयबीएम 3380 सारखी अजस्र आणि महागडी डिस्क वापरीत. ती 7,500 मेगाबाइट माहिती ठेवी. दुसरीकडे घरगुती संगणकासाठी कॉनर कंपनीची 100 मेगाबाइटची लहान, स्वस्त डिस्क मिळू लागली होती. तिघांचे म्हणणे असे की, एक हत्ती पोसण्याऐवजी पुष्कळशा शेळ्या पाळाव्यात. स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या की काम जलदही होईल. मात्र त्यांनीच अडचणही दाखवून दिली. एका लहान डिस्कचे आयुष्य 30,000 तास धरले, तर अशा शंभर डिस्क जोडलेल्या यंत्रणेत पहिली डिस्क सरासरी 300 तासांतच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत बिघडणार. शंभर नोकर ठेवले की रोज कोणी ना कोणी आजारी असतोच, तसेच हे. म्हणून त्यांनी सुचविले की, काही जागा जादा ठेवावी आणि तिच्यात असे काही लिहावे की गेलेली माहिती त्यावरून पुन्हा काढता येईल.

दोन वह्या आणि बेरजेचा रकाना

सर्वांत सोपा प्रकार रेड-1. यात दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या असतात. एका पेढीवर दोन मुनीम बसवावेत आणि मालकाने सांगितलेली प्रत्येक रक्कम दोघांनी त्याच क्षणी आपापल्या वहीत लिहावी, तसा हा प्रकार. एका मुनीमाची वही जळाली तरी दुसऱ्याची शाबूत असते आणि गिऱ्हाइकाला काही कळतही नाही. दोष एवढाच की, दोन वह्यांचे पैसे देऊन उपयोग एकीचाच होतो.

हा खर्च वाचविण्यासाठी रेड-5 ची युक्ती आहे आणि ती व्यापाऱ्याला चटकन पटेल. समजा तीन वह्यांच्या एकाच ओळीवर अनुक्रमे 40, 25 आणि 60 हे आकडे आहेत. चौथ्या वहीत त्याच ओळीवर फक्त बेरीज लिहून ठेवली, 125. आता दुसरी वही हरवली. 125 मधून 40 आणि 60 वजा केले की 25 उरतात. हरवलेला आकडा जसाच्या तसा परत मिळाला. तीन वह्यांच्या रक्षणासाठी एकच जादा वही पुरली. संगणक बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब करतो. त्याच्याकडे फक्त 0 आणि 1 हे दोनच आकडे असतात. एका ओळीतील 1 ची संख्या विषम असेल तर रक्षणाच्या जागी 1 लिहायचा, सम असेल तर 0, म्हणजे एकूण संख्या नेहमी सम राहते. एखादा आकडा हरवला की, तो 0 होता की 1 हे बाकीच्यांवरून लगेच कळते. हा रक्षणाचा रकाना एकाच डिस्कवर ठेवला तर प्रत्येक नोंदीच्या वेळी तिच्याच दाराशी गर्दी होईल, म्हणून तो सर्व डिस्कवर आळीपाळीने विखुरलेला असतो.

परंतु दोन वह्या एकदम हरवल्या तर? 125 मधून 40 वजा जाता 85 उरतात. त्यांतले पहिलीचे किती आणि दुसरीचे किती, हे कोणताही मुनीम सांगू शकणार नाही. यासाठी रेड-6 मध्ये दोन निरनिराळ्या रीतींनी केलेले दोन हिशेब ठेवतात आणि दोन डिस्क गेल्या तरी माहिती निघते. रेड-10 मध्ये आरशासारख्या जोड्या करून त्या जोड्यांवर माहिती वाटून ठेवतात. काम जलद होते, म्हणून ऑर्डरींची वर्दळ असलेल्या वेबसाइटसाठी ही पद्धत पुष्कळ वापरली जाते. मात्र एकाच जोडीतील दोन्ही डिस्क गेल्या तर खेळ खलास.

रेड-0 नावाचाही एक प्रकार आहे. त्यात माहिती अनेक डिस्कवर वाटलेली असते, पण जादा असे काहीच ठेवलेले नसते. एक डिस्क गेली की सगळे गेले. नावातच शून्य आहे, हे लक्षात ठेवले तरी पुरे. 'आमच्याकडे रेड आहे' एवढ्यावर विश्वास न ठेवता 'कोणती' असे विचारावे, ते याचसाठी.

चार-चार टेराबाइटच्या चार डिस्क घेतल्या, म्हणजे विकत घेतलेली जागा 16 टेराबाइट, तर रेड-5 मध्ये वापरायला 12 मिळतात. रेड-6 आणि रेड-10 मध्ये 8. सुरक्षेचा दर हा असा आहे. अतिशय स्वस्त होस्टिंग देणाऱ्याने हा खर्च कोठे वाचविला असेल, याचाही विचार करावा.

डिस्क मेल्यानंतरचे तास

डिस्क बिघडली की सर्व्हर धोक्याची सूचना देतो आणि उरलेल्या डिस्कच्या बळावर लंगडत का होईना काम चालू ठेवतो. सर्व्हर बंद न करता बिघडलेली डिस्क ओढून काढून नवी बसविता येते. काही ठिकाणी तर एक कोरी डिस्क आधीच बसवून तयार ठेवलेली असते. मग नव्या डिस्कवर जुनी माहिती पुन्हा लिहिण्याचे काम सुरू होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 16 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 200 मेगाबाइट या वेगाने अखंड लिहीत गेली तरी भरायला बावीस तास लागतात. चालत्या वेबसाइटची कामे सांभाळून हे करायचे तर दोन-चार दिवसही जातात. या अवधीत रेड-5 ला कोणतेच संरक्षण उरलेले नसते. आणि नेमक्या याच अवधीत उरलेल्या सर्व डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढाव्या लागतात, म्हणजे त्यांच्यावर नेहमीपेक्षा अधिक ताण. डिस्कचे आकार वाढत गेले तसे मोठ्या डिस्कवर रेड-5 नको, असे जाणकार सांगू लागले ते यामुळेच.

दुसरी डिस्क लगेच कशाला बिघडेल, असे कोणी म्हणेल. पण एकाच खेपेत आलेल्या, एकाच दिवशी बसविलेल्या, सारखेच काम केलेल्या डिस्क या जुळ्या भावांसारख्या असतात. याचे फार बोलके उदाहरण 2019 च्या नोव्हेंबरमध्ये समोर आले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने आपल्या काही एसएसडी डिस्कविषयी गिऱ्हाइकांना इशारा दिला की, आतील आज्ञावलीतील चुकीमुळे 32,768 तास चालल्यावर, म्हणजे 3 वर्षे, 270 दिवस आणि 8 तासांनी त्या निकामी होतील आणि माहितीही परत मिळणार नाही. आज्ञावली सुधारून घेणे हाच उपाय होता. ज्यांनी तो केला नाही त्यांचे काय? एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार. तेथे आरसा काय करील आणि बेरीज काय करील! जाणते होस्टिंगवाले एका सर्व्हरमध्ये वेगवेगळ्या खेपांच्या डिस्क बसवितात ते उगाच नव्हे.

फार मोठ्या कंपन्या एका सर्व्हरमधील डिस्कवर विसंबून राहत नाहीत. त्या माहितीच्या प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. गूगलने 2003 मध्ये आपल्या फाइल-व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले होते. त्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे तीन प्रती तीन ठिकाणी ठेवण्याची पद्धत होती. हेतू तोच, यंत्र मेले तरी दुकान उघडे राहावे.

मुनीमांना चूक कळत नाही

आता कारागीर बंधूंच्या कोऱ्या पानाकडे वळू. दोन मुनीम मालक सांगेल ते दोन्ही वह्यांत लिहितात. मालकाने 'हे पान खोडा' म्हटले की तेही दोघे त्याच क्षणी, तितक्याच इमानाने खोडतात. हुकूम बरोबर की चूक हे पाहणे त्यांचे काम नव्हे. मुलाने ऑर्डरी पुसल्या तेव्हा रेड-10 मधील जोडीच्या दोन्ही डिस्कवरून त्या एकाच वेळी गेल्या. रेडने आपले काम चोख केले होते. वेबसाइटमध्ये कोणी घुसून मजकूर बिघडविला, किंवा खंडणीसाठी फाइलींना कुलूप ठोकले, तरी हेच घडते. बिघडलेला मजकूर दोन्हीकडे सारखाच बिघडतो.

हे लहान दुकानातच होते असे नाही. गिटलॅब ही संगणक-कार्यक्रम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी मोठी कंपनी. 31 जानेवारी 2017 रोजी रात्री उशिरा काम करीत असलेल्या तिच्या एका अभियंत्याने चुकून मुख्य सर्व्हरवरीलच सुमारे 300 गिगाबाइट माहिती पुसण्याची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत जवळजवळ सर्व गेले होते. बॅकअपच्या निरनिराळ्या व्यवस्था कागदोपत्री होत्या, परंतु रोजचा बॅकअप कितीतरी दिवसांपासून निघतच नव्हता. तो निघत नसल्याचे सांगणारे ई-मेलही वाटेतच नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ता नव्हता. सुदैवाने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक प्रत सापडली आणि तीवरून गाडी रुळावर आली. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या. कंपनीने हे सर्व लपवून न ठेवता स्वतः जाहीर केले, हे तिच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय.

दुसरे संकट आगीचे. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातील मोठ्या होस्टिंग कंपनीच्या इमारती आहेत. 10 मार्च 2021 च्या मध्यरात्रीनंतर तेथे आग लागली. पाच मजली इमारत जळून खाक झाली आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. माणसे वाचली, परंतु एका अंदाजाप्रमाणे सुमारे 36 लाख वेबसाइट बंद पडल्या. जळालेल्या सर्व्हरमध्ये रेड नव्हते असे कोण म्हणेल? पण दोन्ही वह्या एकाच पेटीत आणि पेटीला आग, अशी ती गत. काही गिऱ्हाइकांनी बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, तेही कामास आले नाहीत. अशा एका गिऱ्हाइकाच्या दाव्यात लील येथील व्यापारी न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये कंपनीविरुद्ध निकाल दिला. करारात बॅकअप वेगळ्या जागी राहील असे म्हटले होते आणि तो मूळ सर्व्हर होता त्याच इमारतीत होता, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आपल्याकडील किती व्यापाऱ्यांनी होस्टिंगचा करार वाचलेला आहे? आम्हीही त्या सोमवारपर्यंत वाचलेला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी बसून कारागीर बंधूंच्या होस्टिंगच्या अटी वाचल्या. कंपनी आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे बॅकअप घेत होती. मात्र एकच प्रत ठेवीत होती आणि नवी प्रत जुनीवरच लिहिली जाई. ऑर्डरी शनिवारी रात्री पुसल्या गेल्या आणि पहाटे कंपनीने इमानेइतबारे त्या कोऱ्या पानाचा बॅकअप घेतला. शनिवारी रात्रीच कोणाच्या लक्षात आले असते तर आधीच्या रविवारपर्यंतचे सर्व काही मिळाले असते.

म्हणून होस्टिंग घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी फोन करून स्पष्ट विचारावे : रेड कोणता? रेडखेरीज बॅकअप किती दिवसांनी घेता? मागच्या किती प्रती ठेवता? त्या याच इमारतीत असतात की दुसऱ्या शहरात? परत हवा असल्यास किती वेळ लागतो आणि वेगळे पैसे पडतात काय? उत्तरे ई-मेलने मागवावीत. फोनवरचे आश्वासन वेळेला हाती लागत नाही. आमच्या मते यांत प्रतींच्या संख्येचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चूक झाल्याचे पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांनी कळते.

आणि उत्तर कितीही समाधानकारक मिळाले तरी एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. लहान दुकानाची वेबसाइट बहुधा एका साध्या पेनड्राइव्हमध्ये मावते. बहुतेक होस्टिंगच्या नियंत्रण-पानावर बॅकअप उतरवून घेण्याची सोय असते, ती वापरायला अभियंता लागत नाही. मात्र वेबसाइटचे दोन भाग असतात हे विसरू नये. चित्रे आणि पाने फाइलींच्या रूपात असतात. ऑर्डरी, गिऱ्हाइकांची नावे आणि दर डाटाबेसमध्ये असतात. एकच भाग उतरवून निश्चिंत झालेले लोक आम्ही पाहिले आहेत. दोन पेनड्राइव्ह ठेवून आलटून पालटून वापरावेत आणि तयार प्रत दुकानात न ठेवता घरी न्यावी. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईतील किती गाळ्यांतून वह्या आणि संगणक एकत्रच भिजले, ते ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगायला नको. पेनड्राइव्हवर गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर असतात. ती त्यांची अमानत आहे, तेव्हा तो गल्ल्यावर पडू न देता कुलपात ठेवावा.

कारागीर बंधूंचे पुढे असे झाले : मोबाइलवर आलेले संदेश, बँकेचा उतारा आणि कटिंगच्या टेबलावरची फाटकी मापवही यांवरून चार रात्री जागून बहुतेक ऑर्डरी पुन्हा लिहून काढल्या. सातआठ गिऱ्हाइकांची मापे मिळाली नाहीत. त्यांना बोलावून पुन्हा मापे घेतली. दोघे भरलेला ॲडव्हान्स परत घेऊन गेले. ईदनंतर त्यांनी दर गुरुवारी रात्री प्रत उतरविण्यास सुरुवात केली आणि महिन्याभराने आमच्या आग्रहावरून ती एका दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. ऑर्डरी सगळ्या आल्या. कापडाच्या नमुन्यांचे फोटो मात्र एकही आले नाहीत, कारण मुलगा फक्त डाटाबेस उतरवीत होता. त्याच रात्री फाइलींची प्रतही घेतली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा उघडून पाहिले, तेव्हा फोटोही दिसले.